टेक्सासमधला जेपी जज कोण निवडतं आणि आपलं मत नेमकं कधी कामाला येतं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मी आता सिटिझन झालोय, बायकोचं अजून ग्रीन कार्डच आहे. मुलाने अपार्टमेंट सोडलं तर मालकाने डिपॉझिट परत दिलं नाही म्हणून त्याने जस्टिस ऑफ द पीस कोर्टात केस टाकली, तेव्हा कळलं की हा जज निवडणुकीत निवडून येतो आणि तो वकील असायलाच हवा असंही नाही! आपल्याकडे कायद्याची डिग्री आणि वर एमपीएससीची परीक्षा, त्याशिवाय कोणी जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, होत नाही. मग इथे हे कसं चालतं? आणि आम्ही दोघं मत देऊ शकतो का?
एक वाचक, केटी

उत्तर: नमस्कार दादा, तुम्हाला कळलं ते खरंय. टेक्सासमध्ये जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सगळे जेपी म्हणतात तो, चार वर्षांसाठी लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि तेही पक्षाच्या तिकिटावर. उमेदवार अमेरिकन नागरिक हवा, १८ वर्षं पूर्ण हवीत, राज्यात एक वर्ष आणि त्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे काउंटीच्या त्या भागात, सहा महिने राहिलेला हवा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), मतदार म्हणून नोंदणी हवी आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला नसावा, बस. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, नंतर दरवर्षी २० तासांचं.

डिग्री नाही हे मला तितकं खटकत नाही, कारण जेपीचा निकाल पटला नाही तर वरच्या काउंटी कोर्टात अपील करता येतं आणि तिथे केस पहिल्यापासून नव्याने चालते. खटकतं ते हे की मतदार बॅलटच्या, म्हणजे मतपत्रिकेच्या, तळाशी जिथे जेपीचं नाव असतं तिथे पोचतच नाहीत. २०२० पासून टेक्सासमध्ये एकाच खुणेत सगळं पॅनल निवडायची सोय बंद झाली, प्रत्येक जागेसाठी वेगळी खूण करावी लागते, आणि लोक प्रेसिडेंट, गव्हर्नर, सिनेटर करून बाहेर पडतात. पण तुमच्या आमच्या घरापर्यंत येणारं कोर्ट हेच आहे हो! २०,००० डॉलरपर्यंतचे दावे, भाडेकरूला घराबाहेर काढायच्या केसेस, ट्रॅफिकची तिकिटं, ५०० डॉलरपर्यंत दंड होईल असे छोटे गुन्हे, सगळं इथे येतं, वर जेपी लग्नंही लावतो. ज्या कुटुंबाचं भाडं थकलंय त्यांच्यासाठी हा जज गव्हर्नरपेक्षा मोठा.

आता प्रिसिंक्टचं. काउंटीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग आपापला जेपी निवडतो. हॅरिस काउंटीत असे ८ प्रिसिंक्ट आणि प्रत्येकात दोन जेपी, म्हणजे एकूण १६ कोर्टं. तुमचं केटी मात्र हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय, त्यामुळे शेजारच्या सबडिव्हिजनमधल्या मित्राचा जेपी तोच तुमचा असं धरून चालू नका. मतदार नोंदणीचं कार्ड येईल ना त्यावर बरेच नंबर असतात, त्यात जेपीचा रकाना वेगळा असतो, तो बघायचा. काउंटीचा कारभार बघणारे कमिशनर ज्या भागातून निवडतात त्या कमिशनर प्रिसिंक्टचा नंबर वेगळा असू शकतो आणि बरेच जण तिथेच गोंधळतात. आणि काउंटी जज नावाचं पद दिसलं तर तो मुख्यतः काउंटीचा कारभारी असतो, कमिशनर्स कोर्टाचा प्रमुख; नावात कोर्ट असलं तरी ते काउंटीचं कारभारी मंडळ आहे. जेपी मध्येच पद सोडून गेला तर हेच कमिशनर्स कोर्ट त्या जागी पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणाला तरी नेमतं.

सगळे नोव्हेंबरची वाट बघतात, पण खरी लढत बहुतेक वेळा मार्चमध्येच होऊन जाते. सम वर्षाच्या मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, असते, त्यात कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांची मेमध्ये रनऑफ. बऱ्याच प्रिसिंक्टमध्ये एकाच पक्षाचा जोर असतो, मग त्या पक्षाची प्रायमरी जिंकला तो जवळजवळ जज झालाच, नोव्हेंबरमध्ये कधी कधी समोर उमेदवारच नसतो. तुम्हाला आधी कुठल्या पक्षात नाव घालायची गरज नाही, मतदान केंद्रावर ज्या पक्षाचं बॅलट हवं ते सांगायचं, फक्त मार्चमध्ये एका पक्षाचं घेतलं की मेच्या रनऑफलाही त्याच पक्षात मत द्यावं लागतं.

उमेदवार कसा ओळखायचा म्हणाल तर फलकांवरून काही कळत नाही. हे कोर्ट सगळ्यांसाठी खुलं असतं, घर खाली करायच्या केसेस असतील त्या दिवशी सकाळी तासभर मागे जाऊन बसा. वकील नसलेल्या भाडेकरूचं जज पूर्ण ऐकून घेतो का, इंग्लिश न येणाऱ्यासाठी दुभाष्या बोलावतो का, कागद खरंच वाचतो का, ते सगळं दिसतं. नवा उमेदवार असेल तर त्याला फोन करून थेट विचारा, स्थानिक निवडणुकीत उमेदवार भेटतात बोलायला.

नोंदणी मतदानाच्या निदान ३० दिवस आधी हवी, फॉर्म भरून, सही करून काउंटीच्या व्होटर रजिस्ट्रारकडे पोस्टाने पाठवायचा. वहिनींनी मात्र आत्ता हा फॉर्म अजिबात भरू नये, डीपीएसमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात, कोणी सहज पुढे केला तरी नाही म्हणायचं. ग्रीन कार्डवर असताना स्वतःला नागरिक म्हणवून नोंदणी केली तर सिटिझनशिप अडकू शकते, अगदी देश सोडायची वेळ येऊ शकते. त्यांचा शपथविधी झाला की त्याच आठवड्यात भरा.