डिस्क येणार कधी, घ्यायची कोणती? वाचकांच्या शंका

या वेळच्या टपालात खान्देशातली पत्रे जास्त आहेत आणि बहुतेकांचा घोळ एकच आहे : युरोपातल्या अमुक सिनेमाची नवी डिस्क (डीव्हीडी, तिच्याहून स्पष्ट चित्राची ब्लू-रे किंवा त्याहूनही स्पष्ट फोरके) येणार असे ऐकले, तर थांबावे की आहे ती घ्यावी? जळगाव-धुळ्यात डिस्क हातात घेऊन, उलटसुलट बघून विकत घ्यायची सोय नाही. मागवायची ती परदेशातून, आणि चुकली तर परत पाठवण्याचा खर्च डिस्कपेक्षा जास्त. म्हणून उत्तरे जरा सविस्तर देत आहोत.

एका जुन्या हंगेरियन सिनेमाची नवी प्रिंट इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवल्याचे वाचले. म्हणजे ब्लू-रे येणारच ना? किती महिने धरायचे? (वाचक, जळगाव)

शक्यता वाढली, खात्री नाही. जुना सिनेमा डिस्कवर येतो तो टप्प्याटप्प्याने. आधी मूळ निगेटिव्ह स्कॅन करून रिस्टोरेशन, म्हणजे चित्र-आवाजाची दुरुस्ती, होते. मग ते महोत्सवात दाखवतात : मे महिन्यात कानचा क्लासिक्स विभाग, जूनअखेरीस बोलोन्याचा ‘इल चिनेमा रित्रोवातो’, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात व्हेनिस, ऑक्टोबरात लिऑंचा ल्युमिएर महोत्सव. त्यानंतर वितरक एकेका देशाचे हक्क घेतात, मोजक्या थिएटरांत सिनेमा लावतात, आणि ते खेळ आटोपले की डिस्कचा विचार सुरू होतो. बोलोन्यात दाखवले याचा अर्थ पहिले दोन टप्पे पार पडले, एवढाच.

किती काळ लागतो ते उदाहरणाने सांगतो. झाँ उस्ताशचा ‘द मदर अँड द होर’ (१९७३) नव्या रिस्टोरेशनमध्ये मे २०२२ला कान क्लासिक्समध्ये दाखवला गेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतल्या थिएटरांत लागला आणि निवडक सिनेमांच्या डिस्का काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची डिस्क आली जानेवारी २०२५मध्ये. महोत्सव ते डिस्क, पावणेतीन वर्षे. बेला तारचा ‘वर्कमाइस्टर हार्मनीज’ त्या मानाने लवकर आला : २०२३मध्ये थिएटरांत, एप्रिल २०२४मध्ये डिस्क. थिएटरात लागल्यापासून एक ते दोन वर्षे हा हिशेब बरा. महोत्सवापासून महिने मोजू नका, निराशाच पदरी पडेल.

महोत्सवानंतर बघायचे ते हक्क कोणी घेतले हे. अमेरिकेत जानस फिल्म्स ही १९५६ सालची वितरण कंपनी आणि क्रायटेरियन यांचे घट्ट नाते आहे. रिस्टोरेशन जानसकडे गेले की क्रायटेरियनची डिस्क बहुधा येतेच, आमच्या मते यासारखा दुसरा पुरावा नाही. किनो लॉर्बर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने घेतला असेल तर डिस्क त्यांचीच असेल.

ब्रिटनमध्ये आणखी सोपा मार्ग आहे. तिथे १९८४च्या व्हिडिओ कायद्यामुळे विक्रीच्या डिस्कवरील सिनेमाला बीबीएफसी या तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे वर्गीकरण घ्यावे लागते आणि त्यांची यादी कोणालाही पाहता येते. सिनेमाचे नाव टाका, अर्ज कोणत्या कंपनीने केला ते बघा. त्याच कंपनीच्या नावावर दिग्दर्शकाच्या मुलाखती किंवा पडद्यामागच्या फिती वेगळ्या नोंदलेल्या दिसल्या तर हे काम डिस्कचेच समजा. नुसत्या थिएटरसाठी तो खटाटोप कोणी करत नाही.

कच्चे पुरावेही ओळखायला शिका. विक्रीच्या साइटवर कव्हर नाही, तपशील नाही आणि तारीख ३१ डिसेंबर, असे पान म्हणजे दुकानाने जागा अडवून ठेवलेली असते. सिनेमा क्रायटेरियनच्या स्ट्रीमिंग चॅनलवर दिसला म्हणूनही डिस्क ठरत नाही. तिथे इतरांचे सिनेमे थोड्या मुदतीसाठी घेतलेले असतात. क्रायटेरियन नव्या वर्षाच्या सुरुवातीला एक कोड्याचे चित्र प्रसिद्ध करते, त्यात वर्षभरातल्या सिनेमांचे संकेत असतात. ते सोडवण्यात मौज आहे आणि बरेच अंदाज खरेही ठरतात, पण चित्रातून महिना कळत नाही. पक्की बातमी महिन्याच्या मध्याला, साधारण १५ तारखेला येते आणि ती तीन महिन्यांनंतरच्या डिस्कची असते. मार्चच्या मध्यात कळते ते जूनचे. त्यामुळे मार्चच्या यादीत नाव नसेल तर जूनपर्यंत तरी ती डिस्क नाही, एवढे धरून चालायला हरकत नाही.

मूकपट असेल तर संगीताचे हक्क वेगळे तपासा. आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’ला (१९२७) ब्रिटनमध्ये कार्ल डेव्हिसचे संगीत आहे, आणि त्यासह सिनेइतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांनी जुळवलेली साडेपाच तासांची आवृत्ती ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने (बीएफआय) २०१६मध्ये डिस्कवर आणली. अमेरिकेत १९८१ साली दाखवलेल्या आवृत्तीला कार्माइन कोपोलाचे संगीत होते. सिनेमा एक, पण हक्कांच्या गाठी दोन ठिकाणी. अशा सिनेमाबाबत कोणाच्याही अंदाजावर पैसे अडकवू नका.

भाऊ, लंडनहून नातेवाइकाने ब्लू-रे आणली. आमच्या प्लेअरवर लावली तर पडद्यावर ‘रीजन’चा संदेश येतो आणि पुढे काही नाही. डिस्क खराब आहे का? (वाचक, धुळे)

डिस्क ठणठणीत आहे. ब्लू-रेचे तीन रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालेल याचे विभाग, आहेत : ए म्हणजे अमेरिका, जपान वगैरे, बी म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सी म्हणजे भारत, चीन, रशिया. भारतात घेतलेला प्लेअर सीचा. म्हणजे अमेरिकी ए डिस्कही चालत नाही आणि ब्रिटिश बी डिस्कही नाही. आपल्याकडच्या संग्राहकाची खरी अडचण ही आहे, आणि पुढच्या डिस्कबद्दल अंदाज बांधताना ती कोणत्या देशात निघणार हे म्हणूनच महत्त्वाचे.

वाटा तीन आहेत. पहिली, ए-बी-सी असे तिन्ही लिहिलेल्या डिस्का घेणे. मध्य आणि पूर्व युरोपचे सिनेमे काढणाऱ्या ब्रिटनच्या सेकंड रनच्या ब्लू-रे सहसा सगळीकडे चालतात. खान्देशातल्या नव्या संग्राहकाने सुरुवात तिथून करावी असे आम्ही आवर्जून सांगू. दुसरी, फोरके डिस्क. तिला रीजनच नसतो. मात्र क्रायटेरियनच्या फोरके संचात मुलाखती, माहितीपट वगैरे जोडमाल बहुधा सोबतच्या ब्लू-रेवर असतो आणि ती ब्लू-रे रीजन एची असते. सिनेमा दिसेल, बाकीचे दिसणार नाही.

तिसरी वाट म्हणजे सर्व रीजन चालतील असा बदल करून विकलेला प्लेअर. घेण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. बदल फक्त डीव्हीडीसाठी आहे की ब्लू-रेसाठीही? कित्येक ‘रीजन-फ्री’ प्लेअर डीव्हीडीपुरतेच असतात. आणि बदल आत चिप बसवून केला आहे की नुसत्या सॉफ्टवेअरने? सॉफ्टवेअरचा असेल तर कंपनीचे अपडेट घेतल्यावर तो पुसला जाऊ शकतो. घरी आणल्या आणल्या सेटिंगमध्ये ऑटो अपडेट बंद करा आणि प्लेअर वायफायला जोडू नका. अमेरिकेतून आणणार असाल तर मागच्या पट्टीवर ११०-२४० व्होल्ट आहे ना हे बघा. नुसते १२० असेल आणि तो थेट आपल्या प्लगात घातला तर पहिल्याच दिवशी जळेल. शिवाय बरेच अमेरिकी प्लेअर ५० हर्ट्झचे, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीचे चित्रण नाकारतात, आणि ब्रिटिश डिस्कवरच्या जुन्या टीव्ही मुलाखती बहुधा तशाच असतात.

एका सिनेमाची जुनी डीव्हीडी स्वस्तात मिळते आहे, पण फोरके येणार अशी बोलवा आहे. थांबू का? (वाचक, अमळनेर)

वर सांगितलेल्यांपैकी पक्का पुरावा असेल तर थांबा. नुसती बोलवा असेल आणि सिनेमा अजून पाहिलेला नसेल तर डीव्हीडी घेऊन पाहून टाका. फक्त युरोपातली पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी असेल तर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने पळतो, म्हणजे १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही थोडी चढते. संथ, लांब शॉटच्या सिनेमात हे जाणवते. ब्लू-रेवर सिनेमा सहसा २४ फ्रेमनेच असतो.

हक्कांची मुदत संपणे ही दुसरी बाजू. २०१०मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीचे बरेच सिनेमे क्रायटेरियनच्या हातून गेले आणि त्या डिस्का बंद पडल्या. त्यातला ‘पिएरो ल फू’ परत यायला २०२० उजाडले. म्हणून ‘लवकरच बंद’ अशी अधिकृत सूचना दिसली तर आहे ती घ्या. मर्यादित आवृत्तीचे मात्र दडपण घेऊ नका. रेडियन्स, अॅरो अशा कंपन्या आधी पुस्तिका आणि जाड खोक्यासह मोजक्या प्रती काढतात, मग बऱ्याचदा तीच डिस्क साध्या डबीत आणतात. पुस्तिकेतले लेख हवे असतील तर पहिली आवृत्ती, नुसता सिनेमा हवा असेल तर साधी.

फ्रान्सची ब्लू-रे खूप स्वस्त दिसते. घ्यावी? (वाचक, नंदुरबार)

फ्रेंच येत असेल तर जरूर. नाही तर आधी मागच्या कव्हरचा फोटो मागवा आणि सबटायटलची ओळ वाचा. ‘सू-तीत्र’ या शब्दापुढे ‘आंग्ले’ असेल तरच इंग्रजी आहे. ‘सूर ए मालआंतांदां’ असेल तर ती बहिऱ्यांसाठीची फ्रेंचच. इटालियन डिस्कवर ‘इंग्लेझे’, जर्मनवर ‘एंग्लिश’ शोधा. आणखी एक फसगत : सिनेमा रशियन किंवा पोलिश असला तर काही फ्रेंच डिस्कवर फ्रेंच सबटायटल बंदच करता येत नाहीत.

मागवताना पत्ता आणि कस्टमचे काय? (वाचक, भुसावळ)

कस्टम नुसत्या डिस्कच्या किमतीवर नसते. किंमत, विमा आणि पाठवणी यांच्या बेरजेवर असते. म्हणून पाठवणीवर वाचवा : तीन-चार डिस्का एकत्र मागवल्या तर दर डिस्कचा भार कमी होतो. ब्रिटनमधल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. काही दुकाने परदेशी पत्ता टाकताच तो वजा करतात, काही करत नाहीत. कार्टमध्ये पत्ता भरून अंतिम रक्कम पाहा, मगच दुकानांची तुलना करा. पार्सलवर ‘भेट’ लिहून घेण्यात अर्थ नाही, ती सवलत डिसेंबर २०१९मध्येच गेली.

कुरिअरने आले तर आधार किंवा पॅनची प्रत मागतात. ऑर्डरवरचे नाव आणि कार्डावरचे नाव अक्षरश: जुळले पाहिजे, घरात ‘आबा’ म्हणतात म्हणून तेच टाकले तर पार्सल अडकते. टपालाने आले तर शुल्क पोस्टमनकडे भरायचे. टपालाचा क्रमांक अक्षरे आणि आकडे मिळून तेरा खुणांचा, ब्रिटनचा असेल तर शेवटी ‘जीबी’. तोच आपल्या पोस्टाच्या साइटवर चालतो.

उन्हाळ्यात डिस्का कुठे ठेवाव्यात? आमच्याकडे पत्र्याचे छत आहे. (वाचक, चोपडा)

माळ्यावर मुळीच नको. मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त असते. डिस्कचे प्लास्टिक एकाएकी वितळत नाही, पण आडव्या रचलेल्या डिस्का दाबाने वाकतात आणि पुठ्ठ्याच्या घडीच्या कव्हरांचा गोंद सुटतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाटही दुपारी तापते. खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, लाकडी फळीवर पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

कूलरच्या झोतात फळी कधीही नको, ही चूक आपल्याकडे सर्रास होते. कूलर हवा गार करतो तो पाणी मिसळूनच. ती ओल पुठ्ठ्याची खोकी आणि पुस्तिका शोषून घेतात, आणि पाऊस लागला की त्यांवर बुरशी येते. पुठ्ठ्याच्या संचात सिलिका जेलची पुडी टाका, निळे मणी गुलाबी झाले की बदला. प्लेअर बंद शोकेसमध्ये कोंडू नका. वर आणि मागे चार बोटे जागा मोकळी असू द्या.

नवी फोरके डिस्क दर वेळी मध्यावरच अडकते. (वाचक, शिरपूर)

या डिस्कवर दोन किंवा तीन थर असतात, आणि बहुधा लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतो. डिस्क काढा, कारखान्यातला तेलकट थर राहिलेला असतो तो मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. तरीही त्याच मिनिटाला अडकली तर दुसऱ्या कोणाच्या प्लेअरवर लावून पाहा. तिथेही अडकली तर दोष डिस्कचा आहे : अडकते त्या मिनिटाचा व्हिडिओ काढून विक्रेत्याला लगेच कळवा. डिस्क आली की परतीच्या मुदतीतच पूर्ण पाहून घ्या, सील न फोडता फळीवर ठेवू नका. आणि आतल्या पारदर्शक कड्यावर ‘आयएफपीआय’ने सुरू होणारा बारीक कोरलेला क्रमांक दिसला नाही, खालची बाजू चकचकीत रुपेरीऐवजी काळपट-तपकिरी दिसली, तर ती घरी कॉपी केलेली डिस्क असण्याचा दाट संभव आहे. पुसून उपयोग नाही, पैसे परत मागा.