पूल नाही तिथला रस्ता

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत मी (वय 47) आणि माझा मुलगा (वय 16) सायकलने अलिबागहून रत्नागिरीला जायचं म्हणतोय. मेव्हणे म्हणतात, मुंबई-गोवा महामार्ग आता रुंद झालाय, सरळ त्यानेच जा. किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. बायकोला दोन्हींची भीती वाटते. कोणता घ्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोटारीत बसून बघितलं तर मेव्हण्यांचं बरोबर आहे. पण मी 28 वर्षं दापोली आगारात एस.टी. चालवली आणि निवृत्त झाल्यावर सायकल घेतली. सायकलवाला काचेतून कसा दिसतो आणि मागून येणारी गाडी सायकलवर बसून कशी वाटते, दोन्ही अनुभवून सांगतो : किनाऱ्याने जा.

रस्ता किती रुंद आहे ते नंतर. त्यावरून कोण चाललंय आणि कुठे चाललंय ते आधी बघा. महामार्गावरच्या कंटेनरला पनवेल सोडल्यापासून फक्त गोवा दिसत असतो. परशुराम घाटात त्याच्या शेजारून सोळा वर्षांच्या पोराला घेऊन चढायचं, ही सहल नव्हे. किनाऱ्याच्या रस्त्याला मात्र खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा चार ठिकाणी डांबर पाण्यापाशी संपतं आणि फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू होतं. लांब पल्ल्याचा ट्रकवाला जेट्टीवर रांग लावत बसत नाही. खाडी ही त्या रस्त्याची चाळणीच आहे. उरतात ती गावातली माणसं, वडाप, एस.टी. आणि पर्यटक. या खाड्यांवर पूल हवेत असं गावकरी म्हणतात, ते खरंच आहे, त्यांना दवाखाना गाठायचा असतो. तुम्ही पूल व्हायच्या आधी जाऊन या.

चाळणीतून सुटतात ती बंदरं. दिघीहून माणगावकडे जाणारा आणि जयगडहून निवळीकडे जाणारा, हे दोन्ही रस्ते मालाच्या ट्रकांचे. दिघीला उतरलात की दिवेआगरकडे वळा, जयगडला उतरलात की मालगुंड-गणपतीपुळ्याची वाट धरा.

अलिबाग ते मुरूड हा तुकडा मला सगळ्यात नावडतो. चौल-रेवदंड्यापर्यंत रस्ता वाड्यांमधून जातो, सावली आहे, पण शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या अशा धावतात की जणू काशिदचा समुद्र दुपारी बंद होणार आहे. तो मंगळवार-बुधवारी उरका. नाताळ ते 1 जानेवारी तर सायकल घरातच ठेवा. उजाडता उजाडता निघालात तर नऊ-दहापर्यंत रस्ता तुमचाच. त्या वेळी भेटते ती फक्त वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहिलेली एस.टी., आणि तिच्या ड्रायव्हरला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ असतो.

दिवेआगर सोडल्यावर आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता घाईने संपवू नका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला जात असल्याने डाव्या, म्हणजे डोंगराच्या कडेने. उलट दिशेने आलात तर समुद्राची कड तुमच्या वाट्याला येते. वाराही दक्षिणेला जाणाऱ्याच्या बाजूचा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा हलका असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो तो वायव्येकडून, पाठीवर येतो. म्हणून अलिबाग-रत्नागिरीच करा, रत्नागिरी-अलिबाग नको.

आता त्रासाचं. प्रत्येक खाडीला उतरायचं म्हणजे पलीकडे चढायचं. धोपाव्याहून वर आलात की सडा लागतो. जांभ्याचा उघडा माळ, झाड नाही, टपरी नाही. दोघांत चार लिटर पाणी असू द्या. सड्यावर चिरेखाणी आहेत. चिऱ्याचे ट्रक थोडेच, पण त्यांच्यातून सांडलेली लाल खडी नेमकी वळणावर पसरते. माझा उजवा कोपर अजून तिचा रंग सांगतो. हर्णैजवळ मासळीच्या टेम्पोंचं पाणी गळतं, तिथल्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. आरे-वारेचा चढ खुशाल ढकलत चढा. वरून जे दिसतं ते ढकलणाऱ्यालाही तेवढंच दिसतं.

बायकोच्या भीतीचं उत्तर मी ड्रायव्हर म्हणून देतो. गुहागर-वेळणेश्वर रस्त्यावर डाव्या वळणाला एकदा एक पोस्टमन माझ्या गाडीच्या हातभर पुढे अचानक उगवला. तो बिचारा नियमाने अगदी कडेला चिकटून चालला होता, म्हणूनच दरडीआड दिसला नाही. वाचला, मी मात्र पुढच्या थांब्यावर दहा मिनिटं चाकावर हात ठेवून बसलो. तेव्हा वळणावर कडेपासून हात-दीड हात आत चला, मागच्याला लवकर दिसाल. सरळ रस्ता आला की बाजू द्या. दुसरं, डांबरावर थरावर थर चढून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. एकदा चाक खाली उतरलं की चालत्या सायकलवर ते वर चढवायला जाऊ नका. थांबा, उचला. मुलाला पुढे ठेवा, तुम्ही मागे, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी जेट्टीवर नाहीतर मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. येताना रत्नागिरी स्टेशनवर सायकली पार्सलमध्ये टाका.

प्रश्न : मी कामावर रोज 9 किलोमीटर सायकलने जाते. एक डांबरी राज्यमार्ग आहे, एक पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता. ऊसतोड सुरू झाल्यापासून राज्यमार्गाची धास्ती वाटते.
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : ताई, धास्ती बरोबर आहे. डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला मागचं काही दिसत नाही, मागची ट्रॉली लोंबकळत कधी डावीकडे येते कधी उजवीकडे, आणि तिला दिवा असला तर नशीब. तिला कधीही ओलांडू नका, डावीकडून तर नाहीच. ती पुढे जाईपर्यंत खाली उतरून उभ्या राहा, पाच मिनिटं उशीर झाला तर झाला.

सकाळी पाटाने जा. संध्याकाळी पाट सुना असतो, तिथे अंधारात तुम्ही एकटीने यावं असं मी सांगणार नाही. उजेड असेपर्यंत सुटत असाल तर पाटानेच परता. नाहीतर कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण मार्चपर्यंत, येताना सायकल एस.टी.त टाका. चढवायला कंडक्टर कुरकुर करेल. करू द्या.