काटा नसेल तर २५० ग्रॅम मैदा म्हणजे किती वाट्या?

'एक वाटी म्हणजे १०० ग्रॅम' हा सगळीकडे फिरणारा तक्ता आधी डोक्यातून काढा. तुमच्या नानकटाईच्या कृतीत मैदा २५०, पिठीसाखर १२५ आणि तूप १२५ ग्रॅम आहे. म्हणून त्याच प्रमाणात दोन वाट्या मैदा, एक वाटी साखर, एक वाटी तूप घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. नानकटाई ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटतील.

१५० मिलीची वाटी धरू. तीत मैदा बसतो साधारण ७८ ग्रॅम, पिठीसाखर ७५, पण पातळ तूप १३६. दोन-एक-एक घेतलंत तर १५६ ग्रॅम मैद्यात १३६ ग्रॅम तूप पडतं. हवं होतं मैद्याच्या निम्मं, ७८, म्हणजे तूप जवळजवळ पावणेदोन पट झालं. साखर मात्र बरोबर उतरते, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळत नाही आणि लोक ओव्हनला दोष देतात. या वाटीने तुमचं माप असं: मैदा सव्वातीन वाट्यांना जरा कमी, पिठीसाखर पावणेदोनला किंचित कमी, तूप एक वाटीला बोटभर कमी. तूप पातळ करून मापा आणि मग थिजू द्या, कारण फेसायला थिजलेलंच लागतं. थिजलेलं तूप वाटीत दाबलं तर मध्ये पोकळ्या राहतात, वर शीग येते, आणि माप कुठलंच धड राहत नाही.

तुमची वाटी केवढी आहे ते अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीवरून काढा. सव्वातीन वाट्या भरल्या तर ती १५० मिलीच्या आसपासची आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मैद्याचा अर्ध्या किलोचा सीलबंद पुडा आणून परातीत मोकळा करायचा आणि त्याच वाटीने मोजायचा. ५०० भागिले वाट्या, झालं. रव्याचं, बेसनाचं असंच एकदा काढून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

मैदा चमच्याने वाटीत सोडायचा आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचा. वाटी डब्यात खुपसून भरली, वर आपटली, की ७८ चे ९० ग्रॅम होतात. सव्वातीन वाट्यांत जवळपास ४० ग्रॅम मैदा जास्त जातो, गोळा वळत नाही आणि नानकटाईला मधोमध भेगा जातात.

आता 'वाटीचं माप अडाणी' म्हणणाऱ्यांसाठी. धान्याची जुनी मापं बघा: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. धान्याचा व्यवहार आपल्याकडे मापानेच चालत आला. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ १५० मिलीच्या वाटीत साधारण १२०-१२५ ग्रॅम बसतात, म्हणून चकलीची भाजणी वाटीने केली काय आणि काट्याने केली काय, फारसा फरक पडत नाही. (पोहे आणि धणे हलके, त्यांना हे लागू नाही.) मोदकाची उकडही वाटीला वाटीच असते. कृती सगळी वाटीत असेल तर वाटीतच करा, सगळी ग्रॅममध्ये असेल तर प्रत्येक जिन्नस वेगळा बदलून घ्या. घोळ होतो तो अर्धी कृती ग्रॅममध्ये आणि अर्धी वाटीत लिहिणाऱ्यांमुळे, आणि त्यांना कुणी बोलत नाही.

गुळाच्या आणि लोण्याच्या बाबतीत वाटीच्या भानगडीत पडू नका. चिरलेला गूळ किती दाबला यावर सगळं बदलतं. एक किलोची ढेप चार सारख्या भागांत कापली की पाव किलो मिळतो. लोण्याच्या १०० ग्रॅमच्या वडीचंही तेच.

परदेशी कृतीतला कप अमेरिकेत सुमारे २४० मिली, ऑस्ट्रेलियात २५०. तिथला मोठा चमचाही २० मिलीचा, इतरत्र १५. आणि काटा घेतलात तरी मीठ-सोडा चमच्यानेच घ्या: ५ मिलीचा सपाट चमचा म्हणजे बारीक मीठ ६ ग्रॅम, सोडा साडेचार ते पाच. घरगुती काटा दोन ग्रॅम नीट दाखवत नाही.