वाचकांचे प्रश्न: स्तनातली गाठ आणि लांबचा दवाखाना

स्तनाच्या कर्करोगाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. आजार श्रीमंत-गरीब बघत नाही, पण तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये किती दिवस जातात हे घरच्या परिस्थितीवर ठरतं. म्हणून उत्तरांत औषधांइतकीच जागा कागदपत्रं, प्रवास आणि बुडणाऱ्या मजुरीला दिली आहे.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात आशा आहे. गावातली 38 वर्षांची एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. स्तनात सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, म्हणून ‘पट्टा पडल्यावर बघू’ म्हणते. तोवर थांबलं तर चालेल का?

नाही ताई, थांबू देऊ नका. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला मार्च-एप्रिल उजाडतो. बाई पहिल्यांदा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तिने तुम्हाला गाठ दाखवली तेव्हापासूनच हे दिवस मोजा.

दुखत नाही यात दिलासा मानू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. मात्र बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तिला आवर्जून सांगा. नाहीतर भीतीपोटी ती तपासणीलाच यायची नाही. गाठ टणक आहे का, बोटाखाली सरकते की एका जागी रुतलेली आहे, कातडी आत ओढली गेली आहे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड नव्याने आत वळलं आहे का, त्यातून रक्त येतं का आणि काखेत गाठ लागते का, एवढं एएनएमताईंकडून (उपकेंद्रातल्या नर्सताईंकडून) तपासून चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीवर तारीख, रुग्णालयाचं नाव आणि ओपीडीचा वार हवा. नुसतं ‘पुढे पाठवले’ असं लिहिलेली चिठ्ठी पिशवीतच राहते.

बाई अजून गावात असेल तर आधी जिल्हा रुग्णालय गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ती उसाच्या फडावर गेली असेल तर परत बोलावत बसू नका, कारखान्याजवळचं सरकारी रुग्णालय शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला जिल्ह्याचं बंधन नाही, राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात ती चालते. अडतं ते शिधापत्रिकेपाशी, कारण ती गावी म्हाताऱ्या माणसांजवळ असते. मूळ शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत द्या. टोळी कर्नाटकात गेली असेल तर आयुष्मान कार्ड लागेल, ते देशभर चालतं.

आणि तिला अडाणी ठरवू नका. दवाखान्यात गेलं की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात, हा तिचा हिशोब अगदी खरा आहे. म्हणून सोनोग्राफी आणि सुईची तपासणी एकाच दिवशी करून द्या, असं चिठ्ठीवर डॉक्टरांना लिहून विनंती करा. तीन फेऱ्या सांगितल्या तर ती पहिलीही करणार नाही.

प्रश्न: तालुक्याच्या डॉक्टरांनी वहिनीची गाठ काढून टाकली. रिपोर्टमध्ये कर्करोग आला. आता मुंबईच्या रुग्णालयात ‘ब्लॉक आणा’ म्हणतात. गाठ तर निघाली, मग हे काय? — परभणी

काढलेला तुकडा मेणात बसवून जतन करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप घेऊन ईआर, पीआर (रोग हार्मोनवर वाढतो का हे सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) या तीन गोष्टी तपासतात आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. हे निकाल नसताना केमो सुरू करणं म्हणजे अंदाजपंचे काम. ज्या लॅबमध्ये तुकडा गेला होता तिथे रुग्णाच्या सहीचा अर्ज द्या आणि ब्लॉक व काचपट्ट्या दोन्ही मागा. डिस्चार्ज कार्डवर गाठ सेंटिमीटरमध्ये किती मोठी होती, स्तनाच्या कुठल्या भागात होती आणि कडा मोकळ्या होत्या का, म्हणजे कडेला रोग उरला नव्हता ना, हे लिहून घ्या. सोनोग्राफीच्या फिल्म टाकून देऊ नका.

छोट्या गावात नुकसान बहुतेकदा बाटलीपाशी होतं. तुकडा तासाभराच्या आत 10 टक्के फॉर्मलिनमध्ये जायला हवा, फॉर्मलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं आणि तुकडा त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. प्रत्यक्षात तो कधी सलाइनमध्ये ठेवतात, कधी लहान बाटलीत कोंबतात, आणि लॅबचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. मग पेशी खराब होतात आणि ईआर खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. तसं झालं तर टॅमॉक्सिफेनसारखी, हार्मोनवर वाढणाऱ्या रोगावरची अगदी स्वस्त, परिणामकारक गोळी त्या बाईला कोणी देतच नाही. तुकडा चांगला राहिला नसल्याची शंका असेल तर मोठ्या रुग्णालयाला तसं स्पष्ट सांगा.

खरं तर गाठ आधी काढायचीच नसते. आधी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) व सोनोग्राफी, मग जागा बधिर करून जाड सुईने चार-पाच तुकडे, म्हणजे ट्रूकट बायॉप्सी. बारीक सुईच्या तपासणीत फक्त सुट्या पेशी मिळतात, तेवढ्यावर सगळं ठरवता येत नाही. सुई लागली की कर्करोग पसरतो हा समज चुकीचा आहे. थेट गाठ काढल्यावर कडेला रोग राहिला तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मोठी गाठ आधी केमोने लहान करण्याची संधीही जाते. वहिनींच्या बाबतीत पुढचे उपचार अजून नीट होऊ शकतात, फक्त आता वेळ घालवू नका. शस्त्रक्रियेनंतरची केमो शक्यतो चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी.

प्रश्न: आईची गाठ तीन सेंटिमीटरची आहे. ‘रेडिएशनला नागपूरला राहावं लागेल, त्यापेक्षा पूर्ण स्तन काढून मोकळे व्हा’ असा सल्ला मिळाला. बरोबर आहे का? — गोंदिया

अंतर बघून स्तन काढायचं ठरवणं आम्हाला मान्य नाही. स्तन राखून गाठ काढणं आणि नंतर रेडिएशन देणं, याने आयुर्मान पूर्ण स्तन काढण्याइतकंच मिळतं. शिवाय काखेतल्या गाठींत रोग असेल तर पूर्ण स्तन काढल्यावरही बहुधा रेडिएशन लागतंच. म्हणजे ‘मोकळे व्हा’ हे वचन पाळलं जाईलच असं नाही.

पूर्वी रेडिएशन पाच-सहा आठवडे चाले. आता 15 फेऱ्यांत, तीन आठवड्यांत देतात. निवडक रुग्णांना पाच फेऱ्यांत, एका आठवड्यात. डॉक्टरांना थेट विचारा: स्तन राखता येईल का, नसेल तर वैद्यकीय कारण काय, आणि रेडिएशन किती फेऱ्यांचं? गाठी एकाहून जास्त आणि दूरदूर असणं, छातीला आधी रेडिएशन झालेलं असणं ही खरी कारणं. लांब राहता हे कारण नव्हे. सगळं समजून घेऊनही आईंना स्वतःला पूर्ण स्तन काढणं बरं वाटलं, तर तोही निर्णय योग्यच.

गोंदियाहून रेल्वेने जाता येईल. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचा दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागा. फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. मंजुरीला बायॉप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो, त्यामुळे त्याआधीच्या तपासण्यांचा खर्च अनेकदा घरच्यांवर पडतो. तो टाळायचा तर त्या तपासण्या सरकारी रुग्णालयातच करा. अडलं तर योजनेच्या 155388 या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत मॅमोग्राफीचं पॅकेज घेतलं. घरकामाला येणाऱ्या ताईंसाठी काय करता येईल? — पुणे

हाताने केलेली तपासणी कमी दर्जाची समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या 1,51,538 स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, पण म्हणून हाताला लागलेली गाठ कुठल्याही वयात सोडू नये. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी मोफत होते.

तुम्ही त्यांना पगार न कापता अर्धा दिवस सुट्टी द्या, आणि सोसायटीतल्या इतर घरांनाही त्याच दिवशी द्यायला सांगा. चार घरांपैकी एकाने सुट्टी दिली तर उपयोग नाही.

प्रश्न: टॅमॉक्सिफेन दोन वर्षं घेतली. आता बरं वाटतं, गोळी बंद केली तर? — सांगली

बंद करू नका. 20 मिलिग्रॅमची गोळी रोज, किमान पाच वर्षं, काहींना दहा. बरं वाटतं म्हणून सोडली तर रोग परत येण्याचा धोका वाढतो. जेनेरिक गोळी चालते, तीन महिन्यांची एकदम लिहून घ्या. गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नका. त्यासाठी निरोध किंवा तांबी वापरा, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा. नैराश्याची औषधं चालू असतील तर कर्करोगतज्ज्ञांना त्यांची नावं सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिनमुळे या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.