स्टीलचा स्पर मागवण्याआधी जरा थांबा

रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो (इंधनावरच्या) बग्गीचं इंजिन काढून ब्रशलेस (विजेवरची) मोटर बसवली, तीन महिन्यांत प्लास्टिकचा तिसरा स्पर गिअर (मोटरवरच्या छोट्या पिनियनला जोडलेलं मोठं दातचाक) सोलून निघाला, आता स्टीलचा मागवू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून आधी हसू आलं, मग जुनं दुखणं वर आलं. हाच प्रश्न मला पडला होता आणि मी कुणालाच न विचारता स्टीलचा टाकला.

मेश (दोन दातचाकांच्या दातांमधली फट), ती मापायला वहीच्या कागदाची पट्टी, पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर, स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉक वगैरे तुम्ही करतच असाल. त्यात शिरत नाही.

माझी गाडी १/८ स्केलची, सेकंडहँड. ४६ दाती स्पर, १५ दाती पिनियन, दोन्ही मॉड १ (दातांचं माप). मोटर २२०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २२०० फेरे), बॅटरी फोर-एस (१४.८ व्होल्ट). स्टीलचा स्पर बसवल्यावर आवाज पिठाच्या गिरणीसारखा, पण दात शाबूत. मी खूश. तिसऱ्या रविवारी उडीवरून गाडी खाली येताना थ्रॉटल दाबलेलाच राहिला आणि मागून टकटक सुरू झाली. डिफ (चाकांमध्ये जोर वाटणारा गिअरबॉक्स) उघडला तर त्यातल्या १३ दाती पिनियनचे दोन दात गायब, आणि त्यांचे तुकडे फिरून फिरून त्याच्याशी जुळणाऱ्या ४३ दाती क्राउन गिअरचीही वाट लागलेली. ग्रीसमध्ये चांदीसारखी बुकणी. तीनशे रुपयांचा स्पर वाचवायला गेलो आणि तीन हजारांना पडलो.

झालं असं की नायट्रोत क्लच असतो. झटका बसला की क्लचचे शू (घर्षणाने पकडणारे तुकडे) थोडे घसरतात आणि मार खातात. वरचे फेरे दोन्हीकडे जवळपास सारखेच (२२०० गुणिले १४.८ म्हणजे साडेबत्तीस हजार), पण ब्रशलेस मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते आणि मध्ये घसरायला काहीच नाही. शिवाय नायट्रोचे ब्रेक सेंटर (मधल्या) डिफजवळच्या डिस्कवर लागतात, आपल्याकडे मोटरच ब्रेक लावते. म्हणजे स्परचे दात पुढून आणि मागून, दोन्हीकडून मार खातात. प्लास्टिकचा स्पर हा गाडीचा फ्यूज होता. मी फ्यूजच्या जागी खिळा ठोकला.

आता कुणी म्हणेल, कारखान्यातून इलेक्ट्रिकच येणाऱ्या बग्ग्यांत स्टीलचाच स्पर असतो. असतो, मान्य. पण त्यांचं मोटर माउंट मोटरसाठीच बनवलेलं असतं. आपलं माउंट इंजिनाच्या जुन्या भोकांवर बसतं. माझ्या गाडीत खरा चोर तोच निघाला. टेबलावर मेश अगदी बरोबर, दहा मिनिटं पळवली की माउंट अर्धा मिलिमीटर सरकलेलं. तुमचंही तेच असेल असं छातीठोक सांगत नाही, मी काही मेकॅनिक नाही. पण नवा स्पर मागवण्याआधी पाच मिनिटं पळवा आणि मेश पुन्हा बघा. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका, सगळ्यात खाली आणा. मित्र हसतील, हसू द्या.

क्राउन-पिनियन बदलायची वेळ आलीच तर जोडीनेच बदला. मी कंजूषपणा करून आधी फक्त पिनियन घातला, तो झिजलेल्या क्राउनवर आठवडाभर टिकला. बेअरिंगमागे १३×१६×०.२ मिमीचे शिम (पातळ चकत्या) घालून प्ले (ढिलेपणा) काढा, पण हाताने फिरवताना कुठे अडकत असेल तर एक शिम कमी करा.

आणि एक जोडी आधीच घरात आणून ठेवा. माझं पार्सल बाहेरून आलं आणि सहा आठवडे एका कार्यालयात पडून राहिलं. पाठवणाऱ्याने वर 'खेळण्याचे भाग' लिहिलं होतं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलंय आणि २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह सक्तीचं आहे, हे मला तिथल्या बाकड्यावर बसून कळलं. बोटाच्या पेराएवढ्या पिनियनचं प्रमाणपत्र मागत होते! हे खेळणं की यंत्राचा भाग, यावर दोन टेबलांचं एकमत होईना, आणि ज्यांनी ठरवायचं ते साहेब कायम जेवायला गेलेले.

बेअरिंगसाठी मात्र बाहेरून काही मागवू नका. पुण्यात असाल तर नाना पेठेत जाऊन '६८८ झेडझेड' एवढंच सांगा, ८×१६×५ मिमीचं बेअरिंग मिळतं. आरसी (रिमोटच्या) कारचं नाव काढू नका, भाव वाढतो.

माउंटचा खालून काढलेला फोटो टाका, स्क्रू किती आणि कुठे आहेत ते दिसू दे.