एकाच मोबाईलवर ऑफिसची आणि स्वतःची अशा दोन वेगळ्या सिस्टिम ठेवता येतात का? कंपनीला माझं खासगी काही दिसेल का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: फोन तुमचा स्वतःचा, अँड्रॉइड, कंपनी त्यावर 'वर्क प्रोफाइल' (ऑफिसच्या ॲप्ससाठीचा वेगळा कप्पा) टाकायला सांगतेय आणि त्याऐवजी लॅपटॉपसारखं ड्युअल बूट करावं का, म्हणजे दोन सिस्टिम टाकून चालू करताना एक निवडावी का, असा विचार तुम्ही करताय. कर्मचाऱ्यांचे फोन ज्या कन्सोलवरून, म्हणजे नियंत्रणाच्या स्क्रीनवरून, सांभाळले जातात, त्यासमोर बसणं हेच माझं काम. त्यामुळे पलीकडून काय दिसतं ते सांगू शकतो.

आधी ड्युअल बूट डोक्यातून काढा. त्यासाठी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, तसं करताना फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकेची, कंपनीची बरीच ॲप्स असा फोन असुरक्षित ठरवून चालतच नाहीत. शिवाय ऑफिसच्या सिस्टिममध्ये असताना घरच्या बाजूला आलेला मेसेज तुम्हाला कळणारच नाही.

दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालवायचे प्रयोग झालेत. व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीने 2010 मध्ये एलजीला सोबत घेऊन, अँड्रॉइडच्या आत दुसरं अख्खं अँड्रॉइड व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी फोन) म्हणून चालवायची योजना जाहीर केली होती. मात्र फोनची बॅटरी आणि मेमरी दोन सिस्टिमना पुरवणं महागात पडतं. टिकला तो दुसरा मार्ग: सिस्टिम एकच, कप्पे दोन. ब्लॅकबेरीने 2013 मध्ये आपल्या बीबी 10 या सिस्टिममध्ये तो दिला, अँड्रॉइडने 2014 च्या 5.0 आवृत्तीत.

वर्क प्रोफाइल म्हणजे अँड्रॉइडच्या दृष्टीने त्याच फोनवरचा दुसरा वापरकर्ता. ऑफिसच्या ॲप्सच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. एकच ॲप दोन्हीकडे टाकलं तरी त्याचा कोड एकदाच साठवला जातो. डेटा मात्र वेगळा.

आता मुख्य शंका. वैयक्तिक फोनवर वर्क प्रोफाइल असेल, तर माझ्या कन्सोलवर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा पॅच कधीचा आहे, स्क्रीन लॉक नियमात बसतो का, आणि ऑफिसच्या बाजूला कोणती ॲप्स आहेत एवढं येतं. तुमचे फोटो, चॅट, खासगी ॲप्सची यादी येत नाही. बघायचं म्हटलं तरी माझ्याकडे तसं बटणच नाही. पुसायचं झालं तर मी फक्त प्रोफाइल पुसू शकतो, तुमची बाजू तशीच राहते. एक पळवाट मात्र लोक विसरतात: ऑफिसच्या वायफायवर असताना तुमचं खासगी ॲपही त्याच नेटवर्कवरून जातं, आणि कोणत्या साइट्सना जोडणी झाली हे नेटवर्कवाल्यांना कळू शकतं. खासगी कामाला मोबाईल डेटा वापरा.

फोन कंपनीचा असेल तर हिशेब बदलतो. वर्क प्रोफाइल असूनही मग अख्खा फोन पुसता येतो, तुमच्या बाजूची काही ॲप्सही रोखता येतात. आणि 'फुली मॅनेज्ड', म्हणजे पूर्णपणे कंपनीच्या नियंत्रणातला फोन असेल तर खासगी बाजूच नसते. त्यावर स्वतःचं काही ठेवू नका. त्यामुळे सेटअप करताना जी परवानग्यांची स्क्रीन येते, ती 'पुढे' दाबायच्या घाईत सोडू नका. कोण काय करू शकतं ते तिथेच लिहिलेलं असतं. (आयफोनवर सेटिंग्जच्या अगदी वरती फोन 'सुपरवाइज्ड' असल्याची ओळ दिसली, तर तो कंपनीच्या ताब्यात आहे समजा.)

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते वर्क ॲप्स 'पॉज' करायचं बटण. दाबलं की ऑफिसची ॲप्स झोपतात आणि नोटिफिकेशनही बंद. साहेबांचा फोन मात्र यायचा थांबत नाही, कारण सिमवरचे कॉल या भिंतीत बसत नाहीत. त्यासाठी दुसरं सिम किंवा ई-सिम घ्या आणि ऑफिसचा नंबर तिकडे ठेवा.

नोकरी सोडताना प्रोफाइल काढलं की त्यातलं सगळं जातं, तुमच्या गूगल बॅकअपमधूनही परत येत नाही. आणि ब्रीफकेसवाल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो ऑफिसच्या बाजूलाच साठतात. सहलीचे फोटो त्यातून काढले असतील तर राजीनाम्याआधी बघा. बऱ्याच कंपन्या फाइल इकडून तिकडे न्यायलाही बंदी घालतात, मग आयटीवाल्यांनाच विचारावं लागेल.