जॉबसेंटरने आजारी भावाचे पैसे कापलेत, आता काय करायचं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रकरण थोडक्यात असं आहे की तुमचा धाकटा भाऊ, ब्रिटिश नागरिक, हाउन्स्लोला भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, बायको गेल्यापासून डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत, वेअरहाऊसची नोकरी सुटली आणि आता युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्यावर आहे. जॉबसेंटरची (भत्ता आणि नोकरी शोधणं बघणारी सरकारी कचेरी) एक अपॉइंटमेंट चुकली, कारण त्या आठवड्यात तो अंथरुणातून उठतच नव्हता, फोन बंद, जर्नलमधले, म्हणजे भत्त्याच्या ऑनलाईन अकाउंटमधले मेसेज उघडलेच नाहीत, आणि नंतर बघतो तर सँक्शन, म्हणजे शिक्षा म्हणून भत्त्यात कपात, लागलेलं. घरचे म्हणतायत चूक त्याचीच, सरकारशी कशाला भांडता.

भांडायचं, ताई. आजारी माणूस उठू शकला नाही ही चूक नाही, आणि इथला कायदाही तसं मानत नाही. सबळ कारण असेल तर सँक्शन लावताच येत नाही. कायद्यात त्याला ‘गुड रीझन’ म्हणतात आणि त्याची ठरलेली यादी कुठेही दिलेली नाही, त्यामुळे प्रत्येक माणसाची परिस्थिती बघूनच ठरवावं लागतं.

पण आधी एक काम आजच करा, बाकी सगळं नंतर. अपॉइंटमेंट चुकल्यावर लागतं ते ‘लो लेव्हल’ सँक्शन, आणि त्याला शेवटची तारीख नसते. तो जॉबसेंटरशी संपर्क करून त्यांनी सांगितलेली गोष्ट पुरी करत नाही, म्हणजे बहुतेक वेळा नवीन अपॉइंटमेंट घेऊन जात नाही, तोपर्यंत ते चालूच राहतं आणि त्यावर आणखी ७ दिवस लागतात. वर्षभरात दुसऱ्यांदा झालं तर १४, तिसऱ्यांदा २८. म्हणजे तो जितके दिवस घाबरून फोन उचलत नाही तितके दिवस पैसे जातायत, रोजचे साधारण १३ पाउंड (एकट्या, २५ वर्षांवरच्या माणसाचा मूळ भत्ता २०२५-२६ साली महिन्याला ४००.१४ पाउंड होता, तो पूर्ण कापतात). तुम्ही त्याच्या शेजारी बसून जर्नलमध्ये मेसेज टाकायला लावा, सोबतच लिहायला लावा की माझ्या सँक्शनबद्दल माझ्या बहिणीशी बोलायला माझी परवानगी आहे, म्हणजे तुम्हाला फोनवर परत पाठवणार नाहीत. घरभाड्याचा भाग सँक्शनमध्ये कापत नाहीत, त्यामुळे घरमालकाचे पैसे तरी थांबणार नाहीत. पिप (आजार-अपंगत्वाचा वेगळा भत्ता) मिळत असेल तर त्यालाही धक्का लागत नाही.

आता आव्हान. पहिली पायरी मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे भत्ता देणाऱ्या त्याच सरकारी खात्याला निर्णय पुन्हा तपासायला लावणं. जर्नलमधून मागता येतं. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्यात मागा. सँक्शनचा निर्णय खातं नंतर कधीही बदलू शकतं, तरी महिन्याच्या आतच करा, पुढचा रस्ता सोपा राहतो.

लोक इथेच कमी पडतात. ते लिहितात, ‘माझ्या भावाला डिप्रेशन आहे, कृपया सहानुभूती दाखवा.’ निर्णय घेणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, कारण डिप्रेशन असलेली माणसं अपॉइंटमेंटला जातातही. तुम्हाला त्या दिवसाचं लिहायचंय. त्या मंगळवारी सकाळी नेमकं काय झालं, आदल्या रात्री झोप लागली होती का, गोळी बदलली होती का, किती दिवस आंघोळ नव्हती, जेवण नव्हतं, फोन कधीपासून बंद होता, कोणी बघितलं. तुम्ही स्वतः त्या आठवड्यात फोन लावत होता आणि लागत नव्हता हे पत्रात लिहिलंय ना, तेच खात्याला लिहा, तुमच्या सहीने, आणि तुमच्या मोबाईलमधले न उचललेल्या कॉल्सचे स्क्रीनशॉट जोडा. जीपीकडून (नेहमीच्या डॉक्टरकडून) नुसतं ‘डिप्रेशनचा रुग्ण’ असं पत्र आणू नका, त्यांना विचारा की या आजारात माणूस अपॉइंटमेंटचा मेसेज बघू शकत नाही, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडू शकत नाही असं होतं का, आणि होत असेल तर तसं लिहून द्या.

दुसरा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. तुम्ही लिहिलंय की जीपीने फिट नोट, म्हणजे आजारामुळे काम जमणार नाही असा दाखला, दिली होती आणि ती खोलीत टेबलावरच पडून आहे, जर्नलला कधी कळवलीच नाही. आणि त्याच्या क्लेमंट कमिटमेंटमध्ये, म्हणजे भत्त्याच्या बदल्यात काय करणार याच्या करारात, आठवड्याला ३५ तास काम शोधायचं लिहिलंय! शारीरिक किंवा मानसिक आजार असेल तर हे तास कमी करता येतात, २०१३ च्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमांतच ती सोय आहे. फिट नोट लगेच कळवा, कमिटमेंट बदलून मागा, फोनवर अपॉइंटमेंट आणि आदल्या दिवशी आठवण मागा, २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली अशा रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट मागायचा त्याला हक्क आहे. पुढे वर्क केपेबिलिटी असेसमेंट, म्हणजे आजारात किती काम जमेल याची तपासणीही होईल. हे नाही केलं तर आत्ताचं सँक्शन जिंकूनही दोन महिन्यांनी दुसरं लागेल.

खात्याकडून अपॉइंटमेंटची नोटीस, कमिटमेंट आणि जर्नलची पूर्ण कॉपी मागून घ्या, डेटा मागण्याची ती रिक्वेस्ट फुकट असते. काय करायचं, कधी यायचं, नाही आलात तर काय होईल हे नीट सांगितलं होतं का ते तपासा. २०१३ साली सुप्रीम कोर्टात केट रायली नावाच्या तरुण पदवीधर मुलीच्या केसमध्ये हाच प्रश्न गाजला होता, तिला पाउंडलँडमध्ये बिनपगारी कामाला पाठवलं होतं, आणि नोटिसा अपुऱ्या असल्याचं कोर्टाने म्हटलं.

तोपर्यंत तो खाणार काय? हार्डशिप पेमेंट मागा. कापलेल्या रकमेच्या साधारण ६० टक्के मिळतं, पण ते कर्ज असतं, नंतर हप्त्याने वळतं करतात, आणि दर महिन्याला नव्याने मागावं लागतं. मागण्याआधीच्या ७ दिवसांत त्याने जॉबसेंटरने सांगितलेलं सगळं केलेलं असावं लागतं, म्हणून परत सांगते, संपर्क आधी. कौन्सिलकडे आणि फूड बँकेकडेही जा, साउथॉलच्या गुरुद्वारात लंगर आहेच, तिथे कोणी काही विचारत नाही. २०१३ मध्ये स्टीव्हनेजला डेव्हिड क्लॅप्सन हे डायबेटिक माजी सैनिक, त्यांचा भत्ता थांबवल्यानंतर, घरात मृत सापडले, वीज बंद होती, इन्सुलिन ठेवायचा फ्रिज चालत नव्हता. तुमच्या भावाच्या गोळ्या आणि लाईटचे पैसे या आठवड्यात आहेत का ते स्वतः जाऊन बघा, फोनवर तो ‘सगळं ठीक आहे’च म्हणेल. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर कागदपत्रं राहू द्या, १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा, जीवाला धोका वाटला तर ९९९.

वर्क कोच, म्हणजे जॉबसेंटरमधला त्याचा अधिकारी, चिडेल अशी भीती तुम्हाला वाटते. निर्णय वर्क कोच घेत नाही, वेगळा डिसिजन मेकर घेतो, आणि आव्हान देणं हा साधा हक्क आहे.

खात्याने नकार दिला तर थांबू नका, बरेच लोक तिथेच सोडून देतात. नकाराच्या पत्रापासून एक महिन्यात ट्रिब्युनलमध्ये अपील करा, फी नाही, ऑनलाईन होतं, आणि तिथला जज खात्याचा माणूस नसतो. अशा अपीलला २०१३ पासून लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळत नाही, म्हणून फुकट सल्ला देणारं सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा जवळचं लॉ सेंटर गाठा, रांग असते, आत्ताच नाव घाला. फॉर्मवर प्रत्यक्ष सुनावणी मागा, नुसत्या कागदांवर नको, त्याच्या तोंडून ऐकल्यावर फरक पडतो. इंग्लिशमध्ये बोलताना तो अडखळतो असं तुम्ही म्हणता, तर फॉर्ममध्येच मराठी इंटरप्रिटर मागा, कोर्ट फुकट देतं, आणि तुम्ही त्याच्यासोबत आत बसा.